डोक्यातील उवा : लाज नको, इलाज हवा



शाळेच्या वार्तापत्रात स्नेहसंमेलन, परीक्षांचे निकाल, गणेशोत्सव असे विषय नेहमीच येतात. या अंकात आम्ही असा विषय घेतला आहे की ज्याचे नाव काढले तरी लोक नाक मुरडतात. तो विषय म्हणजे मुलांच्या डोक्यातील उवा. हा विषय का घ्यावा लागला, ते आधी सांगतो.

पावसाळ्याच्या दिवसांत चौथीच्या वर्गातील एक मुलगी सारखी डोके खाजवीत असे. बाईंनी पाहिले, उवा दिसल्या. त्यांनी रीतीप्रमाणे घरी चिठ्ठी पाठविली. चिठ्ठी दप्तरातून घरी जाण्याआधीच बातमी वर्गभर झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावरच्या दोघी उठून दुसरीकडे बसल्या. डबा खाताना ती एकटी राहिली. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठ दिवसांनी आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. कमरेपर्यंत येणारे तिचे केस घरच्यांनी अगदी मुळापासून कापून टाकले होते. त्या आठ दिवसांत तिचे भागाकार राहिले, पाठांतर राहिले, आणि वर्गात हात वर करण्याची तिची सवय गेली ती आजही पूर्ण परतलेली नाही.

पंधरा दिवसांनी त्याच वर्गातील आणखी पाच मुलींच्या डोक्यांत उवा सापडल्या. ज्या दोघी बाकावरून उठल्या होत्या, त्याही त्यात होत्या. म्हणजे ज्या मुलीला आपण सर्वांनी मिळून दोषी ठरविले, तिच्याकडूनच उवा सुरू झाल्या होत्या असे सांगण्याला काहीही आधार नव्हता.

यात आमची चूक आहे, ती कबूल करतो. पूर्वी आमच्याकडे प्रार्थनेनंतर मुलींना रांगेत उभे करून सर्वांसमोर डोकी पाहण्याची पद्धत होती. आम्ही स्वतः ती वर्षानुवर्षे चालविली. शिस्त म्हणून चालविली, पण त्यातून मुली शिकल्या ते एवढेच की उवा होणे हा गुन्हा आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत वाक्प्रचार आहे, ‘कान पर जूँ न रेंगना’, म्हणजे कितीही सांगा, परिणाम शून्य. उवांविषयी सूचना आम्ही दर वर्षी काढतो आणि दर वर्षी कोणाच्याही कानावर ऊ रेंगत नाही. कारण सूचनेत फक्त ‘स्वच्छता ठेवा’ एवढेच असते. काय करावे आणि का करावे, हे नसते. ते आज लिहीत आहोत.

ऊ म्हणजे काय

ऊ हा पंख नसलेला, सहा पायांचा कीटक आहे. पूर्ण वाढलेली ऊ तिळाच्या दाण्याएवढी, म्हणजे २ ते ३ मिलिमीटर असते. तिच्या प्रत्येक पायाच्या टोकाला आकड्यासारखी नखी असते व तिने ती केस घट्ट पकडते. ती टाळूवरचे रक्त दिवसातून अनेकदा शोषते. तिला उडता येत नाही आणि पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. ती फक्त चालते. कुत्र्यामांजरांच्या अंगावरून ती आपल्याकडे येत नाही.

मादी ऊ दिवसाला ६ ते ८ अंडी घालते आणि साधारण महिनाभर जगते. म्हणजे एका उवेपासून महिन्यात शंभराहून अधिक अंडी होऊ शकतात. या अंड्यांनाच आपण लिखा म्हणतो. लीख केसाच्या मुळाशी, टाळूपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत चिकटविलेली असते, कारण तिला डोक्याची ऊब लागते. तो चिकटा इतका पक्का असतो की साध्या न्हाण्याने लीख निघत नाही. ७ ते १० दिवसांत लीख फुटून पिलू बाहेर येते आणि पुढील सात ते बारा दिवसांत तेही अंडी घालण्याच्या वयाचे होते. हे दिवस लक्षात ठेवावेत, कारण सर्व इलाज याच हिशेबावर उभा आहे.

डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. तिला रक्त आणि ऊब दोन्ही हवे असते.

हा माणसाचा फार जुना सोबती आहे. आजच्या इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी फणी मिळाली. ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर कनानी लिपीत एक वाक्य कोरलेले आहे आणि ते २०२२ साली वाचून जाहीर झाले. त्याचा आशय असा की या फणीने केसांतील व दाढीतील उवा निघून जावोत. वर्णमालेच्या लिपीत लिहिलेले जे सर्वांत जुने पूर्ण वाक्य आज माहीत आहे, ते हेच. हस्तिदंताची फणी गरिबाघरची नसते. तेव्हा श्रीमंतांच्या डोक्यातही उवा होत्या.

समजुती आणि वस्तुस्थिती

‘घाणेरड्या मुलांना उवा होतात’ ही पहिली आणि सर्वांत घातक समजूत. उवेला रक्त हवे, मळ नव्हे. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही ती तितक्याच आनंदाने राहते. आपल्या इंदूरने स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविला, याचा आम्हांला अभिमान आहे. पण रस्ते झाडून उवा जात नाहीत, आणि ज्या घरी उवा सापडल्या ते घर अस्वच्छ ठरत नाही.

‘उवांमुळे रोग पसरतात’ ही दुसरी समजूत. येथे थोडा घोटाळा आहे. उवांचे प्रकार वेगळे आहेत. कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ टायफस हा भयंकर ताप पसरविते. शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ट्यूनिस येथे १९०९ साली हे दाखवून दिले आणि १९२८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णांना आंघोळ घालून त्यांचे कपडे काढून घेतले की त्यांच्यापासून इतरांना लागण होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. डोक्यातील ऊ मात्र असा रोग पसरवीत नाही. तिच्यामुळे खाज सुटते, झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. फार खाजविल्याने टाळूवर जखमा होऊन पू होऊ शकतो किंवा मानेत गाठी येऊ शकतात. तसे झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

‘उवा टोपीतून, कंगव्यातून येतात’ ही तिसरी. असे क्वचित होऊ शकते, म्हणून कंगवा व रिबिनी आपापल्या ठेवाव्यात हे बरे. पण मुख्य मार्ग एकच : डोक्याला डोके लागणे. लहान मुली गळ्यात गळा घालून बसतात, एका पुस्तकावर चार जणी वाकतात, घरी भावंडे एका उशीवर झोपतात, आणि आता एका मोबाईलच्या पडद्यात तीन डोकी एकत्र शिरतात. मुलांचे केस आखूड असल्याने व ती एकमेकांना इतकी चिकटून बसत नसल्याने त्यांच्यात उवा कमी दिसतात, पण होतच नाहीत असे नाही.

कसे ओळखावे

केवळ खाजेवर विसंबू नये. खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी आहे. पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडेही लागू शकतात. तोपर्यंत ते मूल हसत खेळत असते आणि कोणालाच पत्ता नसतो.

तपासणी उजेडात करावी, अंगणात किंवा खिडकीशी. केस ओले करून, थोडे तेल किंवा कंडिशनर लावून, बारीक दातांच्या फणीने मुळापासून शेंड्यापर्यंत विंचरावे. ओल्या केसांत ऊ पळू शकत नाही. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसावी. कानांच्या मागे आणि मानेच्या वर विशेष पाहावे. कोंडा असेल तर बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला चिकटून राहते, ओढावी लागते.

आणखी एक गोष्ट. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. टाळूपासून बोटभर दूर असलेली पांढरी लीख बहुधा रिकामी टरफले असते. ती दिसली म्हणजे उवा आहेतच असे नाही. चालणारी जिवंत ऊ दिसली तरच इलाज सुरू करावा.

इलाज पहिला : फणी

आजी पायरीवर बसून नातीचे डोके मांडीत घेई आणि फणीने विंचरून काढी, तो इलाज आजही खरा आहे. फक्त तो दिवस मोजून करावा लागतो. दात अगदी जवळ-जवळ असलेली, शक्यतो स्टीलची फणी घ्यावी.

समजा रविवारी सुरुवात केली. तो पहिला दिवस. मग पाचव्या दिवशी म्हणजे गुरुवारी, नवव्या दिवशी म्हणजे पुढच्या सोमवारी आणि तेराव्या दिवशी म्हणजे शुक्रवारी पुन्हा पूर्ण डोके विंचरावे. सतराव्या दिवशी, मंगळवारी, शेवटची तपासणी करावी.

असे का? पहिल्या दिवशी चालत्या उवा निघतात, पण लिखा उरतात. त्या पुढील दहा दिवसांत फुटत राहतात. दर चार दिवसांनी विंचरले तर नवे पिलू अंडी घालण्याइतके मोठे होण्याआधीच फणीत येते. तेराव्या दिवसापर्यंत सर्व लिखा फुटून गेलेल्या असतात. बहुतेक घरी चूक होते ती येथेच : पहिल्या रविवारी दोन तास मेहनत, आणि नंतर ‘गेल्या एकदाच्या’ म्हणून विसर. मध्ये एक फेरी चुकली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक वेळी लांब केसांना अर्धा तास तरी लागतो. केसांचे छोटे छोटे भाग करून विंचरावे. आईला वेळ नसेल तर बाबांनी, ताईने, आत्याने हे काम घ्यावे. हे काम फक्त आईचे आहे, असे कोठेही लिहिलेले नाही.

इलाज दुसरा : औषध

औषधांच्या दुकानात १ टक्का परमेथ्रिनचे लोशन मिळते. साध्या शांपूने केस धुऊन, टॉवेलने टिपून, ओलसर केसांना ते मुळापासून लावावे, १० मिनिटे ठेवावे आणि धुवावे. त्या वेळी कंडिशनर लावू नये. हे औषध उवा मारते, सर्व लिखा मारत नाही. म्हणून नवव्या दिवसाच्या सुमारास ते दुसऱ्यांदा लावावे लागते. दुसरी मात्रा टाळली तर पहिली फुकट जाते. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ते लावू नये. काही ठिकाणी उवा या औषधाला सरावल्या आहेत. दोनदा नीट लावूनही जिवंत उवा तशाच चपळ दिसल्या तर मात्रा वाढवू नये, डॉक्टरांना विचारावे. त्यांच्याकडे दुसरी औषधे आहेत.

इलाज घरातील ज्याच्या-ज्याच्या डोक्यात ऊ सापडेल त्या सर्वांचा एकाच दिवशी करावा. मुलीचे डोके साफ केले आणि तिच्या शेजारी झोपणाऱ्या आजीचे राहिले, तर आठवड्यात पुन्हा तेच.

हे मात्र करू नये

हा भाग कृपया दोनदा वाचावा. उवांनी मूल दगावत नाही, पण चुकीच्या इलाजाने जीवावर बेतू शकते.

रॉकेल : त्वचा भाजते, आणि जवळ चूल, गॅस किंवा उदबत्ती असेल तर पेट घेते.

सीताफळाच्या बियांची पूड : आपल्याकडे हा घरगुती उपाय फार चालतो. तिने उवा मरतात, हे खरे. पण ती ओघळून डोळ्यांत गेली तर बुबुळावर जखम होते, असह्य वेदना होतात आणि दृष्टीला इजा पोहोचू शकते. तसे झालेच तर डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

डांबराच्या गोळ्या तेलात कुटून लावणे : त्यातील नॅफ्थलीन शरीरात गेल्यास काही मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

ढेकणांचे, झुरळांचे किंवा शेतावर फवारण्याचे औषध : हे विष आहे. टाळूतून, विशेषतः खाजवून झालेल्या जखमांतून, ते शरीरात शिरते.

लिंडेन, म्हणजेच गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराईड : हे लोशन एके काळी सर्रास वापरले जाई. ते मज्जासंस्थेवर परिणाम करून झटके आणू शकते. घरात जुनी बाटली असेल तर लहान मुलांना लावू नये.

केस काढून टाकणे : केस काढले की उवा जातात, हे कबूल. पण जे काम पंधरा दिवसांत फणीने होते त्यासाठी दहा वर्षांच्या मुलीला वर्षभर आरशासमोर रडविणे हा इलाज नव्हे. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

घरभर फवारणी किंवा धुरी करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ऊ डोक्यात आहे, भिंतीत नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादरी, टॉवेल, रुमाल कडक गरम पाण्यात धुवावेत, फण्या व कंगवे गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. एवढे पुरते.

शाळा काय करणार

गेल्या पालक-शिक्षक सभेत एक सूचना आली होती की ज्या मुलांच्या डोक्यात उवा सापडतील त्यांना साफ होईपर्यंत घरी ठेवावे. ज्यांनी ती मांडली त्यांची काळजी आम्हांला कळते. तरीही आम्ही तिच्याशी सहमत नाही आणि त्याचे कारण सांगतो. उवा लक्षात येतात तोवर त्या बहुधा महिनाभर डोक्यात असतात. महिनाभर सोबत बसलेल्या मुलीला आज दुपारी घरी पाठवून काय वाचणार? तिचा अभ्यास मात्र नक्की बुडणार. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२२ च्या आपल्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे की उवा किंवा लिखा आहेत म्हणून निरोगी मुलाला शाळेपासून दूर ठेवू नये.

म्हणून आम्ही पुढील नियम ठरविले आहेत.

१. सर्वांसमोर डोके तपासणे बंद. शंका आल्यास वर्गशिक्षिका मुलीला एकटीला, प्रेमाने विचारतील.

२. पालकांना चिठ्ठी नव्हे, फोन जाईल. मूल त्या दिवशी वर्गातच राहील. संध्याकाळी घरी इलाज सुरू करावा.

३. एका वर्गात उवा सापडल्या की नाव न घेता त्या वर्गाच्या सर्व पालकांना कळविले जाईल, म्हणजे सर्वांनी एकाच शनिवार-रविवारी घरी तपासणी करावी. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीही कोणत्याही मुलाचे नाव टाकू नये, ही हात जोडून विनंती.

४. उवांमुळे कोणाचीही परीक्षा, सहल किंवा स्नेहसंमेलनातील भूमिका जाणार नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. स्टीलची फणी व औषधाच्या दोन मात्रा घेणे प्रत्येक घराला सोपे नसते, आणि मागणे त्याहून कठीण. कार्यालयात अशा फण्या व औषध ठेवण्यासाठी थोडी तरतूद करावी, म्हणजे गरजू पालकांना काही न बोलता ते नेता येईल. एक फणी एका घराला, परत घ्यावयाची नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी

डोके खाजत असेल तर आईला किंवा बाईंना सांगा. लपवू नका. हे सर्दीसारखे आहे. कोणालाही होते आणि बरे होते. वर्गात कोणाला झाले तर बाकावरून उठू नका. फक्त डोक्याला डोके लावू नका, आणि मुलींनी वेण्या घट्ट घालाव्या. ‘तुझ्या डोक्यात उवा’ असे चिडविण्याआधी आपले डोके घरी एकदा विंचरून पाहावे!

चौथीतील ती मुलगी आता पाचवीत आहे. तिचे केस खांद्यापर्यंत आले आहेत. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तिच्याच वर्गातील एक मैत्रीण डोके खाजवीत होती, तेव्हा ही तिचा हात धरून बाईंकडे घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “बाई, हिला घरी नका पाठवू.” तिचे ते म्हणणे आम्ही ऐकले आहे. आपण सर्वांनीही ऐकावे, एवढीच अपेक्षा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
प्राचार्या